टपाल तिकिटाएवढी कातडी

गंभीर भाजलेल्या माणसाला त्याच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा लावता येते. या उपचाराची सुरुवात उंदराच्या एका गाठीपासून झाली, आणि ती गाठ त्वचेच्या अभ्यासासाठी आणलेलीसुद्धा नव्हती.

१९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स ऱ्हाइनवाल्ड टेराटोमाच्या पेशी बशीत वाढवत होते. या गाठीत नाना प्रकारच्या उती एकत्र माजलेल्या असतात. त्या गर्दीत काही पुंजके निराळे दिसले. त्यांतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून थरावर थर चढवत होत्या. त्या बाह्यत्वचेच्या पेशी निघाल्या. वेगळ्या काढल्या की मात्र त्या तग धरेनात; सोबतीला ‘थ्री-टी-थ्री’ पेशी असल्या की फोफावत.

या सोबतिणीही ग्रीन यांच्याच घरच्या. जॉर्ज तोडारो यांच्याबरोबर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये उंदराच्या भ्रूणापासून त्या तयार केल्या होत्या आणि १९६३ मध्ये जगापुढे ठेवल्या होत्या. आता किरणांचा मारा करून त्यांचे विभाजन थांबवले, पण त्यांना जिवंत ठेवले, आणि त्या थरावर माणसाच्या त्वचेच्या पेशी पेरल्या. १९७५ मध्ये ही रीत प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी त्यात वाढीला चालना देणारे एक प्रथिन मिसळले, तेव्हा नवजात बालकाच्या पेशी सुमारे ५० पिढ्यांऐवजी १५० पिढ्यांपर्यंत वाढत राहिल्या. मला हा या कुळकथेतला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. पेशीचे म्हातारपण तिच्या आतच ठरलेले असते, असा समज तेव्हा बळावत चालला होता. इथे तीच पेशी नुसत्या भोवतालच्या बदलाने तिप्पट टिकली.

१९७९ पर्यंत ३ चौरस सेंटिमीटर कातडीतल्या पेशी महिन्याभरात दहा हजार पटींहून अधिक वाढवता येऊ लागल्या. वाढलेला पातळ पापुद्रा एका विकराच्या मदतीने बशीपासून अलगद सोडवायचा आणि जखमेवर पसरायचा. पहिल्यांदा तो लावला बॉस्टनमध्ये, थोड्या भागावर. खरी कसोटी १९८३ मध्ये लागली. वायोमिंगमधल्या कॅस्पर गावातली पाच-सहा वर्षांची दोन भावंडे ९५ टक्क्यांहून अधिक भाजली. दुसऱ्याची त्वचा शरीर कायमची स्वीकारत नाही आणि स्वतःची उरलेली नाही, अशी ती कोंडी होती. न भाजलेल्या जागेतून टपाल तिकिटाएवढा तुकडा घेऊन पापुद्रे वाढवले, आणि मुलांच्या निम्म्याहून अधिक अंगावर ते रुजले. दोघेही वाचले. त्या त्वचेला ना घामाच्या ग्रंथी होत्या, ना केस; ही उणीव आजही पुरती भरून निघालेली नाही.

रुजलेली त्वचा वर्षानुवर्षे नवी कशी होत राहते? बाह्यत्वचेची वरची पेशी तर महिन्याभरात झडून जाते. १९८७ मध्ये यान बारांदों आणि ग्रीन यांनी एकेक पेशी वेगळी करून तिचा वंश तपासला. तीन प्रकार हाती आले. ‘होलोक्लोन’ पेशींचा वंश प्रदीर्घ काळ वाढत राहतो. ‘पॅराक्लोन’चा वंश पंधराएक पिढ्यांत संपतो. ‘मेरोक्लोन’ या दोन्हींच्या मधल्या. वयस्कर माणसांच्या त्वचेत होलोक्लोनचे प्रमाण घटलेले आणि पॅराक्लोनचे वाढलेले दिसले. सुरकुत्यांच्या खाली चाललेले त्वचेचे वार्धक्य इतक्या स्पष्टपणे मोजले गेलेले पाहून मी थक्क होतो.

पण हे सारे बशीतले. जिवंत अंगावर तसेच घडते का, याचे उत्तर जर्मनीतल्या बोखुमने दिले. जनुकदोषामुळे त्वचा सोलवटून निघालेल्या सात वर्षांच्या मुलावर २०१५ पासून उपचार सुरू झाले. इटलीतल्या मोदेना येथे मिकेले दे लूका यांच्या गटाने त्याच्याच पेशींमधला दोष दुरुस्त करून पापुद्रे वाढवले आणि मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलली गेली. दुरुस्तीसाठी घातलेले जनुक प्रत्येक पेशीत वेगवेगळ्या जागी बसले होते, म्हणून कोणाचा वंश टिकला हे पुढे ओळखता आले. लावलेल्या पेशींपैकी बहुतेकांचे वंश काही महिन्यांत संपले. मुलाच्या अंगावरची त्वचा थोड्या होलोक्लोन पेशींनीच तोलून धरली होती.