अखेरच्या सात वर्षांचे वाचक

शिकागोहून लंडनकडे निघालेले एक प्रचंड विमान रात्रीच्या वेळी अटलांटिक महासागरावर असताना त्यातील कित्येक प्रवासी एकाएकी नाहीसे होतात. त्यांच्या आसनांवर वस्त्रे आणि अलंकार तेवढे उरतात. आणि जगाच्या पाठीवरील एकूण एक बालक त्याच क्षणी अदृश्य झाले आहे, हे वर्तमान हळूहळू त्या विमानाच्या वैमानिकाच्या कानी येते. अशा प्रसंगाने आरंभ होणारी ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरी अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातल्या टिंडेल हाऊस या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केली, आणि पुढील बारा वर्षांत तिचे एकंदर सोळा खंड होऊन त्यांच्या साडेसहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. कादंबरी म्हणून या ग्रंथांची योग्यता मध्यमच आहे. परंतु त्यांच्या वाचकांचा इतिहास मात्र फार मोलाचा आहे, कारण श्रद्धाळू माणूस कथा कशी वाचतो आणि वाचताना कोठे अडतो, याचा इतका विपुल पुरावा दुसऱ्या एखाद्या लोकप्रिय ग्रंथमालेने क्वचितच मागे ठेवला असेल.

या कथेचे बीज पाहावयाचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे, आयर्लंडात जावे लागते. जॉन नेल्सन डार्बी हा तेथील प्रस्थापित चर्चचा धर्मोपदेशक त्या चर्चपासून दुरावून प्लिमथ ब्रदरेन या पंथाचा एक प्रमुख झाला, आणि १८३०नंतरच्या काही वर्षांत लेडी पॉवर्सकोर्ट यांच्या वाड्यात भविष्यवाणीच्या अभ्यासासाठी भरणाऱ्या परिषदांतून त्याचे मत आकारास आले. पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वासणारे मेघारूढ होऊन प्रभूला भेटतील असे जे वचन आहे, ती घटना ख्रिस्ताच्या जाहीर पुनरागमनाहून निराळी असून ती आधी घडेल. तिच्यानंतर सात वर्षांचा महासंकटकाळ आणि त्यात ख्रिस्तविरोधकाची राजवट येईल. आणि मगच प्रभू सर्वांसमक्ष प्रकट होऊन सहस्र वर्षांचे राज्य स्थापील, अशी ती मांडणी होती. डार्बीने अमेरिकेचे अनेक दौरे करून हे मत तेथे रुजविले, आणि १९०९ साली सायरस स्कोफील्ड याने ऑक्सफर्डच्या छापखान्यामार्फत प्रसिद्ध केलेल्या सटीप बायबलामुळे ते घरोघर पोहोचले. कारण त्या आवृत्तीत टीप आणि मूळ मजकूर एकाच पानावर असल्याने टीपकाराचे मत कोठे संपते आणि शास्त्रवचन कोठे सुरू होते, याचे भान सामान्य वाचकाला राहणे कठीण झाले.

या सिद्धांताचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. न्यूयॉर्क संस्थानातील विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या गणितावर भिस्त ठेवून सहस्रावधी लोक १८४४ साली प्रभूच्या आगमनाची वाट पाहत राहिले; २२ ऑक्टोबर ही ठरलेली तिथी उलटली, आणि त्या आशाभंगाची स्मृती अमेरिकेच्या धर्मजीवनात कायमची राहिली. डार्बीच्या मांडणीत विश्वासणाऱ्यांच्या उचलले जाण्याला कोणतीच तिथी नाही. ते आज होईल किंवा शंभर वर्षांनी होईल. तिथी नसल्यामुळे हे मत कधी खोटे ठरत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे याच कारणाने ते कादंबरीस अत्यंत अनुकूल ठरते. कारण कोणताही सामान्य दिवस कथेचा पहिला दिवस होऊ शकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात सिडनी वॉटसन याने असे कथाप्रयत्न केले होते. १९७० साली हॅल लिंडसे याच्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ या ग्रंथाने वर्तमानपत्रांतील घडामोडींची भविष्यवाणीशी सांगड घालून प्रचंड वाचकवर्ग मिळविला, आणि १९७२ साली आयोवा संस्थानात तयार झालेला ‘अ थीफ इन द नाइट’ हा चित्रपट चर्चच्या तळघरांतून आणि तरुणांच्या शिबिरांतून वर्षानुवर्षे दाखविला गेला. तो चित्रपट लहानपणी पाहिलेल्या अनेकांनी पुढे लिहून ठेविले आहे की, शाळेतून परतल्यावर घर रिकामे दिसले म्हणजे आईबाप वर नेले गेले आणि आपण मागे राहिलो, या भयाने त्यांचा थरकाप होई. ‘लेफ्ट बिहाइंड’चे पहिले वाचक या बालकांतूनच मोठे झाले होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या ग्रंथांचे स्वागत समजणार नाही.

ग्रंथमालेची कल्पना टिम लाहे यांची. ते सॅन दिएगो येथे दीर्घकाळ पाद्री होते, आणि अमेरिकेच्या राजकारणात ख्रिस्ती पुराणमतवाद्यांची फळी उभारणाऱ्यांतही त्यांची गणना होई. शास्त्रार्थाचा आराखडा ते तयार करीत, आणि त्यावरून प्रत्यक्ष लेखन जेरी जेन्किन्स हे व्यवसायी लेखक करीत. आरंभी एकाच कादंबरीचा बेत होता. परंतु सात वर्षांच्या संकटकाळातील पहिले काही दिवसच तिच्यात मावले असे दिसून आल्यावर खंडांची संख्या वाढत वाढत बारावर गेली, आणि २००४ साली ‘ग्लोरियस अपिअरिंग’ने मुख्य कथा संपल्यावरही तीन पूर्वकथा आणि २००७ साली एक उत्तरकथा जोडण्यात आली. मुलांसाठी निघालेली चाळीस छोटी पुस्तके निराळीच. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून हे ग्रंथ वॉलमार्टसारख्या बाजारगृहांत गेले, आणि ११ सप्टेंबर २००१च्या उत्पातानंतर थोड्याच दिवसांत आलेला ‘डेसिक्रेशन’ हा खंड त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी ठरला.

कौतुक करणाऱ्या वाचकांचे म्हणणे साधे होते. बायबलातील प्रकटीकरणाचे पुस्तक, त्यातील मुद्रा, कर्णे आणि क्रोधाची पात्रे ही आजवर आम्हांला दुर्बोध आणि भयप्रद वाटत होती. ती या कथेने डोळ्यांसमोर उभी केली, असे ते सांगत. माझ्या मते पहिल्या खंडाची खरी शक्ती संहाराच्या वर्णनांत नाही. ती ब्रूस बार्न्स या पात्रात आहे. कारण हा मनुष्य चर्चमध्ये उपदेश करणारा पाद्रीच असून मागे राहिला आहे, आणि आपल्या मुखी श्रद्धा होती पण अंतरी नव्हती हे त्याला आपल्या उजाड झालेल्या घरात उमगते. त्याचा कबुलीजबाब वाचताना स्वतःची झडती घेतली नाही असा सश्रद्ध वाचक विरळाच असेल. कादंबरीच्या अंगावर प्रवचनाची झूल घातली म्हणून नाक मुरडणाऱ्या मराठी रसिकाने एवढे आठवावे की, ज्या ‘यमुनापर्यटना’ला आपण मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान देतो, ते १८५७ साली बाबा पदमनजी या नवख्रिस्ती गृहस्थाने धर्मप्रचार आणि विधवांच्या दुःखाचे निवेदन हे दोन्ही हेतू उघडपणे मनात धरूनच लिहिले होते.

एमी जॉन्सन फ्रायकहोम या विदुषीने या वाचकांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन २००४ साली ‘रॅप्चर कल्चर’ हा ग्रंथ लिहिला, आणि त्यामुळे या वाचकवर्गाविषयीची एक रूढ समजूत ढळली. पुस्तक मिळेल ते मुकाट्याने गिळणारा जमाव तिला आढळला नाही. आई लेकीला, सासू सुनेला, शेजारीण शेजारणीला खंड देते. वाचून झाल्यावर बोलणे होते. कोणी लेखकांचे गणित मानतो, कोणी त्यातले अर्धेच मानतो, आणि कोणी कथेच्या ओढीने वाचून सिद्धांताकडे काणाडोळा करतो. पतीने किंवा मुलाने विश्वास धरावा या आशेने त्याच्या उशाशी पुस्तक ठेवणारेही पुष्कळ होते. या ग्रंथांनी बाहेरच्यांना आत आणण्यापेक्षा आतल्यांचे परस्परसंबंध अधिक दृढ केले, असे मला वाटते.

विरोधाचे सूर निरनिराळ्या दिशांनी उठले. इलिनॉय येथील कॅथलिक बिशपांनी २००३ साली या मालेविरुद्ध जाहीर निवेदन काढले, आणि त्यांची तक्रार निराधार नव्हती; कारण कथेत एक पोप वर नेला जातो खरा, पण तो ल्यूथरसदृश मतांकडे वळल्यामुळे, आणि त्याच्यामागे उरलेला कार्डिनल ख्रिस्तविरोधकाच्या जागतिक धर्माचा प्रमुख होतो. मिसूरी सिनॉड या ल्यूथरपंथी संघटनेने २००४ साली सविस्तर खंडन प्रसिद्ध केले. बार्बरा रॉसिंग या ल्यूथरपंथी अभ्यासिकेने ‘द रॅप्चर एक्स्पोज्ड’ या ग्रंथात प्रतिपादन केले की, प्रकटीकरणाचा नायक हा वधलेला कोकरा आहे, पृथ्वी सोडून पळून जाण्याची शिकवण त्यात नाही, आणि त्याचा संदेश रोमन साम्राज्याच्या छायेत पिचलेल्या लोकांना धीर देण्याचा आहे. मला हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. बाराव्या खंडात ख्रिस्ताच्या शब्दमात्राने शत्रुसैन्याची जी कत्तल होते, तिचे वर्णन जितके विस्तृत तितकेच ते करुणेला पारखे आहे, आणि डोंगरावरील प्रवचन करणाऱ्या येशूची ओळख त्यात पटत नाही. यहुदी वाचकांचे दुःख आणखी खोल होते. जेरुसलेमचे लेखक गेरशोम गोरेनबर्ग यांनी दाखविले की, इस्राएलविषयी या कथेत जो जिव्हाळा दिसतो, तो यहुद्यांनी अखेर ख्रिस्ताचा स्वीकार करावा अथवा नष्ट व्हावे, या अटीवर उभा आहे.

परंतु सर्वांत कसोशीची तपासणी विरोधकांनी केली नाही. ती मालेच्या निष्ठावंत वाचकांनीच केली. ‘द मार्क’ या २००० सालच्या खंडात चँग वाँग हा तरुण विश्वासणारा गुंगीत असताना त्याच्यावर बळजबरीने श्वापदाची, म्हणजे ख्रिस्तविरोधकाची, खूण उमटविली जाते, आणि एकाच कपाळी देवाची मुद्रा व ती खूण अशी दोन्ही नांदतात. श्वापदाची खूण घेणाऱ्याला क्षमा नाही असे प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायात स्पष्ट असता हे कसे, असा हरकतीचा गजर वाचकांनी केला. आणि खूण स्वेच्छेने घेतलेली नसल्याने तारणास बाध येत नाही, असा खुलासा लेखकांना करावा लागला. कादंबरीतील पात्राच्या मोक्षाविषयी वाचकांनी लेखकांकडे जाब मागावा, ही घटना मला विलक्षण हृद्य वाटते. त्या वाचकांना चँगच्या जिवाची खरोखर काळजी लागली होती. ‘आर्मागेडन’ या अकराव्या खंडात वैमानिकाची कन्या क्लोई हिचा शिरच्छेद झाला, आणि तिचा पती बक हाही प्राणास मुकला, तेव्हा दहा खंड त्यांच्या सोबतीने चाललेल्या अनेकांना तो वियोग घरचा वाटला. कथानक ताणले जात आहे आणि तीच तीच संभाषणे पुनःपुन्हा येत आहेत, अशी तक्रारही त्यांच्यातूनच निघे. ती रास्त होती. मधल्या खंडांतून विमानांच्या फेऱ्या आणि दूरध्वनीवरील बोलणी काढून टाकली, तर कथेचे काही बिघडणार नाही. आणि सहस्र वर्षांच्या राज्याचे चित्र काढणारी उत्तरकथा तर संघर्षच संपल्यामुळे निस्तेज झाली आहे.

२००४ साली मुख्य कथेचा शेवटचा खंड निघाला, त्याच वर्षी टिंडेल हाऊसने ‘द लास्ट डिसायपल’ ही दुसरी कादंबरीही बाजारात आणली. नभोवाणीवर बायबलविषयक शंकांची उत्तरे देणारे हँक हॅनेग्राफ आणि कादंबरीकार सिग्मंड ब्राउवर यांनी ती लिहिली होती, आणि तिचा काळ नीरोच्या रोममधला होता. कारण प्रकटीकरणातील बहुतेक भाकिते पहिल्या शतकातच खरी ठरली, हेच हॅनेग्राफ यांना दाखवावयाचे होते. ज्या संस्थेची भरभराट आपल्या ग्रंथांनी झाली, तिनेच आपल्या सिद्धांताचे खंडन करणारी कथा छापावी, याबद्दल लाहे यांनी उघड नाराजी प्रकट केली. प्रकाशकांनी मात्र आपला निर्णय फिरविला नाही, आणि एकाच शास्त्राचे दोन परस्परविरुद्ध अर्थ लावणाऱ्या दोन कादंबऱ्या एकाच छापाच्या वेष्टनात वाचकांपुढे आल्या.