प्रस्तावना : चिप आर्किटेक्टच्या कामाकडे जाताना

सप्टेंबर २०२४मध्ये पनवेलला चिपचा कारखाना उभारण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने मान्यता दिली आणि चिप हा आपल्या भागातल्या चर्चेचा विषय झाला. पण कारखान्यात चिप घडण्याच्या कितीतरी आधी तिचा विचार कुणीतरी केलेला असतो. तिला कोणत्या आज्ञा कळाव्यात, माहिती हाताशी किती ठेवावी, वीज कुठे खर्चावी, हे ठरवतो तो चिप आर्किटेक्ट. त्याच्या कामाची मराठीतून ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

या क्षेत्रात आपली माणसे पूर्वीपासून आहेत. शेखर बोरकर यांनी १९७९मध्ये मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकले आणि १९८१मध्ये ते इंटेलमध्ये दाखल झाले. आपली अभियांत्रिकीची मुले प्रयोगशाळेत ज्या ८०५१वर हात बसवतात, त्याच कुळातल्या मायक्रोकंट्रोलरांवर त्यांनी काम केले आणि पुढे ते कंपनीच्या ‘फेलो’ या मानाच्या पदापर्यंत पोहोचले.

त्यांच्या कामाचे मोल कळायचे, तर मूळ अडचण समजून घ्यावी लागते. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, तसा चिपचा वेग वाढला आणि तिला लागणारी वीज व तिची उष्णताही वाढली. बोरकरांनी १९९९मध्येच लेख लिहून विजेच्या या मर्यादेकडे लक्ष वेधले होते. २००४च्या सुमारास एकाच गाभ्याचा (कोरचा) वेग वाढवत नेण्याची शर्यत मंदावली आणि एका चिपवर अनेक गाभे बसवण्याचा मार्ग रूढ झाला. २००७मध्ये इंटेलच्या ८० गाभ्यांच्या प्रायोगिक चिपने सुमारे ६२ वॅट विजेत सेकंदाला एक लाख कोटी गणिते केली. या संशोधनात बोरकरांचा सहभाग होता. दशकभरापूर्वी हा टप्पा गाठायला हजारो प्रोसेसरांचा महासंगणक लागला होता; दोन्हीकडच्या गणितांची अचूकता सारखी नसली, तरी झेप लहान नव्हे.

असे काम इथेही होते. पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या चमूने ‘अजित’ हा ३२ बिटचा प्रोसेसर रचला आणि त्याची चिप मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. तंत्र जुने असूनही आपल्याकडचा आराखडा आपल्याकडेच सिलिकॉनवर उतरला, याचा अभिमान वाटावा.

वाचकांनी सुरुवातीला सूत्रांना बिचकू नये. आधी एखादा साधा आज्ञासंच वाचावा. २०१०मध्ये बर्कलीत सुरू झालेला ‘रिस्क-फाइव्ह’ सर्वांना खुला आहे. त्यातली एकच आज्ञा निवडून ती प्रोसेसरच्या आत कुठून कुठे जाते, कुठे खोळंबते, हे कागदावर काढावे. नंतर व्हेरिलॉग या चिपची रचना लिहिण्याच्या भाषेत छोटा प्रोसेसर लिहून तो एफपीजीएवर, म्हणजे हवी ती रचना भरता येणाऱ्या चिपवर, चालवून पाहावा. प्रत्येक पायरीवर तुम्ही स्वतःला विचारत राहा : हे जोडले तर जागा किती जाईल, वीज किती लागेल, वेळ किती वाचेल? हे तीन हिशेब एकत्र मांडण्याची सवय लागली, की या विषयावरचे जाडजूड ग्रंथ परके वाटणार नाहीत. त्यांतल्या प्रत्येक निर्णयात काय मिळवले आणि त्यासाठी काय सोडले, हे तुमचे तुम्हालाच ओळखता येईल.

नवीन पनवेल