वनस्पतिजन्य तेले : त्वचा व केसांची निगा (खानदेश)

जळगाव-धुळ्याकडे अंगाला नि डोक्याला शेंगदाणा, तीळ, एरंडी ही तेले घरोघरी लावतात. या भागाचे खरे वैशिष्ट्य मात्र सातपुड्यातले मोहाचे तेल.

शिरपूर, चोपडा, यावलच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळा सरता सरता मोहाची फळे पिकतात. भिल्ल, पावरा कुटुंबे त्यांतल्या बिया, म्हणजे टोळंबी, वेचतात. फोडून, वाळवून गर घाण्यावर नेतात. निघालेले पिवळसर तेल थंडीत लोण्यासारखे थिजते, कारण त्यात स्टिअरिक व पामिटिक आम्लांचे प्रमाण मोठे असते. भेगाळलेल्या टाचांवर ते चोळले की पातळ थर बसतो आणि कातडीतला ओलावा टिकतो. बाजारातल्या महागड्या मलमांइतकीच या तेलाची दखल घ्यायला हवी.

केसांच्या बाबतीत खोबरेल सरस. ते केसात मुरून प्रथिनांची झीज कमी करते, सूर्यफुलाचे तेल करत नाही, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले.



तेलाने टकलावर केस उगवतात, याला भक्कम पुरावा नाही. कोंडा असल्यास तेल रात्रभर डोक्यात ठेवू नये.