एक अर्वाचीन दानशासन : नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था

कुही तालुक्यांतील मांढळ हें गांव ताम्रपटांच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. वाकाटक नृपति द्वितीय रुद्रसेन व द्वितीय पृथ्वीषेण यांचीं दानशासनें तेथें सांपडलीं, आणि नागपूर विद्यापीठानें त्या गांवीं उत्खननही केलें. आज आम्ही ज्या दानाचा विचार मांडीत आहों तें तांब्यावर कोरलेलें नसून मृत्युपत्राच्या कागदावर लिहिलेलें आहे. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनीं नागपूर विद्यापीठास दिलेलें द्रव्य हें तें दान, इ. स. १९४२ मध्यें स्थापन झालेली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हें त्याचें फल. संशोधकानें हें मृत्युपत्र दानशासनाच्याच पद्धतीनें वाचावें, असें आमचें म्हणणें आहे.

दानशासन हातीं आलें म्हणजे आपण चार गोष्टी पाहतों : दाता कोण, प्रतिग्रहीता कोण, देय वस्तु कोणती, व दानास अट कोणती. येथें दाता राजा नव्हे, तर एक जमीनदार व खाणमालक. प्रतिग्रहीता ४ ऑगस्ट १९२३ रोजीं स्थापन झालेलें विद्यापीठ. देय द्रव्य सुमारें ३५ लक्ष रुपये. अट अशी कीं, या द्रव्याचा विनियोग उपयोजित विज्ञान व रसायन यांच्या अध्यापनाकडे व्हावा.

या अटीचें महत्त्व विशेष आहे. द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटांत एक सहस्र ब्राह्मणांस आठ सहस्र भूमि दिल्याचा उल्लेख असून, प्रतिग्रहीत्यांनीं राज्याचा द्रोह करूं नये, इत्यादि अटी घातलेल्या आहेत. तेथें अट प्रतिग्रहीत्याच्या आचरणास होती. येथें ती द्रव्याच्या विनियोगास आहे. आमच्या मतें या एका अटीमुळेंच विद्यापीठाच्या पोटीं तंत्रविद्येची स्वतंत्र शाखा रुजली.

येथील अध्ययनाचें स्वरूपही प्रांताच्या उत्पन्नास धरून आहे. रासायनिक अभियांत्रिकीच्या जोडीला तैलें, रंग व लेप, कागद व लगदा, अन्न, खनिज तैल आणि प्लास्टिक हे विषय येथें शिकविले गेले. जवस, तीळ व सरकी पिकविणाऱ्या आणि बांबूचीं अरण्यें असलेल्या विदर्भास यांतील कित्येक विषय परके नव्हत. मराठींत डिस्टिलेशनास ऊर्ध्वपातन म्हणतात. रसग्रंथांत पारदाचीं ऊर्ध्व, अधः व तिर्यक् अशीं तीन पातनें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं पहिल्याचें हें नांव. शब्द जुना, अर्थ नवा. परिभाषेच्या अभ्यासकानें हें स्थित्यंतरही नोंदून ठेवण्याजोगें आहे.

दान दिल्यानंतर त्याचें पालन कोण करतो, हा पुढचा प्रश्न. ताम्रपटाच्या अखेरीस भावी राजांस पालनाची विनंती असते, ती उगाच नव्हे. या संस्थेनेंही राज्यांतरें पाहिलीं. ती स्थापन झाली तेव्हां नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होतें. १९५६ मध्यें हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. विद्यापीठास २००५ मध्यें राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव मिळालें. पुढें २०२३ मध्यें, म्हणजे विद्यापीठाच्या शताब्दीच्याच वर्षीं, ही संस्था त्यापासून वेगळी होऊन लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. मुंबई विद्यापीठाच्या १९३३ च्या रासायनिक तंत्रज्ञान विभागास २००८ मध्यें, व पुण्याच्या १८५४ पासूनच्या अभियांत्रिकी विद्यालयास २०२२ मध्यें असेंच विद्यापीठाचें स्थान मिळालें. नागपूरच्या संस्थेंत प्रतिग्रहीता बदलला तरी दात्याचें नांव व नेमून दिलेली विद्या या दोन्ही गोष्टी टिकल्या, ही समाधानाची बाब होय.

तथापि अशा स्थित्यंतरांत संस्था टिकते आणि दफ्तर नष्ट होतें, असा इतिहासाचा अनुभव आहे. राजवट बदलली म्हणजे जुने रुमाल कोणाचे, हें कोणीच सांगत नाहीं. तांबें शेतांत पुरलें गेलें तरी दीड सहस्र वर्षांनीं नांगरास लागतें. कागदास एक पावसाळा पुरतो. आमचे संग्राहक बंधु बखरी, सनदा व महानुभाव पोथ्या प्राणपणानें जपतात, परंतु विद्यार्थ्याची प्रयोगवही, यंत्राचें हस्तरेखित चित्र, जुनी प्रश्नपत्रिका किंवा अभ्यासक्रमाची पुस्तिका रद्दींत दिसली तर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. वस्तुतः १९४२ नंतर या प्रांतांत कोणती विद्या, कोणत्या भाषेंत व कोणत्या साधनांनीं शिकविली गेली, याचा अस्सल पुरावा तोच आहे. विदर्भांतील संग्राहकांनीं असे कागद हातीं येतांच त्यांवर सांपडल्याचें स्थळ व तारीख घालून ते संग्रहीं ठेवावे, व त्यांची यादी या त्रैमासिकाकडे धाडावी, अशी आमची विनंती आहे.