घंटा, पाऊस आणि तीव्र मध्यम

१३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. 'ब्लॅक सॅबाथ' या इंग्लिश बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम आला. तेरा तारीख आणि शुक्रवार, म्हणजे तिकडची अमावास्याच म्हणा ना! कव्हरवर जुनी पाणचक्की, समोर काळ्या झग्यातली बाई. कव्हर उघडलं की आत उलटा क्रूस. तो बँडला न विचारता परस्पर छापला होता. पण शिक्का बसला तो बसलाच: ही सैतानाची पोरं. नाव तर त्यांनी १९६३च्या एका भयपटावरून उचललेलं. आता हाच अल्बम १८० ग्रॅमच्या जाड विनाइलवर पुन्हा निघालाय आणि लोक तो कौतुकाने घेतात.

सुई टेकली की आधी पाऊस, मग गडगडाट आणि दूर कुठेतरी चर्चची घंटा. (हे आवाज नंतर जोडलेले. बँडने आपलं काम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात उरकलं होतं.) मग टोनी आयोमीची गिटार. तीनच स्वर: सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यमावर येऊन थरथर. बस्स. हेवी मेटल इथून सुरू झालं असं बरेच जण मानतात, मीही मानतो.

सा आणि तीव्र मध्यम यांमधल्या अंतराला युरोपात 'संगीतातला सैतान' म्हणत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथांत हे नाव सापडतं. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही मात्र दंतकथा. गायला अवघड, कानाला खटकणारं, म्हणून टाळा, एवढंच. आता गणित बघा. वरच्या सा ची कंपनसंख्या दुप्पट, आणि पियानो-गिटारच्या सप्तकात हा स्वर बरोब्बर मध्यावर. म्हणजे दोनाचं वर्गमूळ, १.४१४. सैतान कुठे दिसतोय का? आपल्याकडे तर मागे तानपुऱ्यावर षड्ज चालू असताना गायक यमनात याच तीव्र मध्यमावर खुशाल रेंगाळतो आणि समोरचे मान डोलवतात. संध्याकाळचा, प्रसन्न राग. भुताखेताचं नाव नाही.

घंटेचंही तसंच. जुन्नरहून घोडेगाव, डिंभे करत आंबेगाव तालुक्यातून भीमाशंकरला जा. पावसाळ्यात जा, म्हणजे अल्बममधलं सगळं सामान हजर: धो धो पाऊस, दहा पावलांपुढचं न दिसणारं धुकं, आणि घंटा. तीही चर्चचीच! मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तिकडच्या घंटा मराठ्यांनी आणून देवस्थानांना वाहिल्या. एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. गंमत म्हणजे द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात भीमाशंकराचा पत्ता 'डाकिनी' असा दिलाय. आणि इंग्रजीत 'सॅबाथ'चा एक अर्थ चेटकिणींचा रात्रीचा मेळावा. आयोमीला एवढं मिळालं असतं तर दुसरा अल्बमही इथेच झाला असता :)

गंमत बाजूला ठेवू. वसईच्या वेढ्यात दोन्हीकडची माणसं पडली. त्या घंटा कुणाच्या तरी लग्नाला, मयताला, रोजच्या प्रार्थनेला वाजत होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत त्या 'विजयचिन्ह' म्हणून एका ओळीत संपतात. ज्यांच्या गावातून त्या गेल्या त्यांना तो आवाज कधीपर्यंत आठवत राहिला असेल, हे आपण विचारत नाही. मला तरी या अल्बमच्या सैतानापेक्षा हे जास्त अस्वस्थ करतं.

तसं सैतानाचं म्हणाल तर आयोमीच्या त्या जड आवाजामागे एक कारखाना आहे. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, पत्र्याच्या मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली, त्यांवर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मध्ये तारा आणखी सैल केल्या, सूर खाली उतरला. जगभरच्या मेटलवाल्यांनी पुढे तेच उचललं, दहाही बोटं धड असून.

५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅममध्येच त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. गायक ऑझी ऑस्बोर्न त्यानंतर सतराच दिवसांनी गेला. तोवर त्या गावात त्यांच्या नावाचा एक पूलही झाला होता, आणि सैतानाच्या पोरांना निरोप द्यायला त्या पुलावर लोकांनी फुलांचे ढीग लावले.