पाटी लावली म्हणजे जंगल वाचतं का?

दिवाळीत परतवाड्याला घरी गेलो होतो. आमच्या जुन्या घराच्या चौकटी सागवानी आहेत. "मेळघाटचा साग हाये बापू, वनखात्याच्या लिलावातला," असं आबा अभिमानाने सांगायचे. मला तेव्हापासून प्रश्न पडायचा, जे खातं जंगल राखतं तेच लाकूड कसं काय विकतं?

उत्तर इतिहासात सापडलं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे आला आणि पुढच्या दशकात मेळघाटचं जंगल राखीव होऊ लागलं. वाघाची काळजी वगैरे काही नव्हती हो! रेल्वेला, बांधकामाला साग हवा होता. म्हणून कोरकूंच्या फिरत्या शेतीवर बंधनं आली. जंगल राखलं ते कापण्यासाठीच.

मग १९७३ साली व्याघ्र प्रकल्प आला. देशातल्या पहिल्या नऊमध्ये मेळघाट होता. गाभ्यातली तोड थांबली. आज चिखलदऱ्याच्या कड्यावरून दिसणारं जंगल या संरक्षणामुळेच उभं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण त्याची किंमतही कोणीतरी मोजली. २००० नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठली.

आता गंमत बघा. परतवाड्याजवळच, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं गाव आहे. तिथली जमीनही वनखात्याचीच, पण टेकड्या उघड्याबोडक्या. गस्त आणि पैसा गाभ्याकडे. इथे नुसती मालकी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सुमारे १९३ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. परतवाड्याच्या 'खोज' संस्थेची साथ होती. गावाने चराई आणि कुऱ्हाड आवरली, पाणी अडवलं, झाडं लावली. तिथली सीताफळं मुंबईत विकली गेली. २०१४ मध्ये यूएनडीपीचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला.

आमच्या भाषेत सांगायचं तर, सगळे अधिकार एकाच अ‍ॅडमिनकडे आणि तो कायम दुसऱ्या सर्व्हरवर बिझी, अशी ती सिस्टिम होती.

अर्थात १९३ हेक्टरात वाघ मावत नाही. त्याला गाभा हवाच. पण गाभ्याबाहेर, जिथे माणसं राहतात, तिथे नुसत्या पाटीने झाड उभं राहत नाही. ते तोडलं तर आपलं नुकसान होईल, असं वाटणारं कोणीतरी शेजारी लागतं.

आबांच्या चौकटीवरून हात फिरवला. गुळगुळीत आहे अजून. या वेळी अभिमानासोबत थोडं ओशाळंही वाटलं. असो.