पात्रं दुसऱ्याची, गोष्ट आपली



मालिका बघताना आपण म्हणतोच, 'अगं बाई, हिनं आता तरी तोंड उघडायला हवं होतं!' मग ती तोंड उघडते अशी गोष्ट कुणी लिहिली, तर ती झाली चाहतीची कथा. तिला 'फॅन फिक्शन' म्हणतात. 'हे उसनं लिखाण' म्हणून पुष्कळजण नाक मुरडतात. ते खरंच कमी प्रतीचं असतं का?

१९६६ साली अमेरिकेत टीव्हीवर 'स्टार ट्रेक' मालिका सुरू झाली. अवकाशयानातून फिरणाऱ्या माणसांची ती गोष्ट. पुढच्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकॅनालिया' हा अंक काढला. त्याच्या संपादक दोघी बायकाच होत्या. १९६९ मध्ये मालिका बंद पडली, पण चाहत्यांच्या कथा चालूच राहिल्या. त्या लिहिणाऱ्यांत बायका जास्त होत्या. टाइपरायटरवर लिहायचं, प्रती काढायच्या, टपालानं पाठवायच्या. पात्रांवर हक्क कंपनीचा, त्यामुळं कमाईचं नाव नाही.

व्यावसायिक लेखिकेला गाव, माणसं, त्यांचे स्वभाव सारं स्वतः उभं करावं लागतं. अनोळखी वाचकालाही ते समजलं पाहिजे. त्या कष्टाचं तिला मानधन मिळतं आणि पुस्तकावर नाव लागतं. चाहतीच्या वाचकाला पात्रं आधीच ठाऊक असतात. म्हणून ती थेट मुद्द्याला हात घालते, मूळ कथेनं न विचारलेलं विचारते. पण मूळ कथा माहीत नसेल, तर तिची गोष्ट कळत नाही. ही तिची मर्यादा.

लिखाणाचा हात मात्र इथंही बसतो. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी तरुणपणी स्टार ट्रेकच्या अशाच कथा लिहिल्या. पुढं स्वतःची पात्रं घडवून त्या नावाजलेल्या कादंबरीकार झाल्या. १९७६ मध्ये तर चाहत्यांच्या कथांचं रीतसर पुस्तकही अमेरिकेत निघालं.

आपल्या आज्या-पणज्यांनी वेगळं काय केलं? रामायण पोथीतलं, पण जात्यावर बसून त्यांनी सीतेच्या दुःखाला सासुरवास म्हटलं. तिच्या तोंडून स्वतःचं दुखणं सांगितलं. रामकथा कुणा कंपनीची नव्हती, म्हणून अडवणारं कुणी नव्हतं. पण ओवी रचणाऱ्या बाईचं नावही कुठं उरलं नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गाणारणींची नावं आणि गावं टिपली, म्हणून आज कितीतरी जणींची ओळख टिकली आहे.

तेव्हा उसनं म्हणून लाजू नका. एवढं मात्र पाळा. दुसऱ्याची वाक्यं जशीच्या तशी उचलली, तर ती चोरी. आजच्या मालिकेतली पात्रं घेऊन लिहिलेली गोष्ट विकायची असेल, तर मालकाची परवानगी लागते. आपल्या गटात कुणी ओवी गायली, गोष्ट पुढं रचली, तर वहीत लिहून ठेवा. खाली तिचं नाव, गाव आणि तारीख घाला. कुणी ती छापायला मागितली, तर आधी तिला विचारा आणि तिच्या नावानंच छापायला सांगा.